जुनिपरची बोंडं

वॉलनट फोर्ड, कॅन्सस
२६ जुलै १९८७

प्रिय सॉल्वेग,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकली असशील. कुणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे आणि कुत्रा माझ्याहून धडधाकट आहे. नाताळच्या कार्डाखेरीज आपल्या नणंद-भावजयीत पत्रं जात नाहीत, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

बातमी झुडपांची आहे. मे महिन्यात डेकोरेशन डेला मी पिओनीची फुलं कॉफीच्या डब्यांत घालून आई-बाबांच्या आणि डेलमरच्या कबरींवर ठेवली, तेव्हा दोन्ही बाजूंची जुनिपरं हिरवीगार होती. मग गव्हाची कापणी आली, उन्हं तापली, तिकडे जाणं झालं नाही. काल गेले तर डावं जुनिपर वरपासून खालपर्यंत तांबूस झालेलं, आणि उजव्याचीही पाठ खाल्लेली. अळ्या पडल्यात. अख्ख्या दफनभूमीत दुसऱ्या कुणाच्या झुडपावर नाहीत, कुंपणावर नाहीत. आमच्याच दोन्ही झुडपांवर कुठून आल्या कोण जाणे.

डेलमरनं तुला किती सांगितलं होतं मला माहीत नाही, म्हणून लिहिते. आईच्या ओसरीच्या दोन अंगांना दोन जुनिपरं होती, त्यांची ही लेकरं. घर विकलं, आणि नव्या मालकानं धान्याचे ट्रक उभे करायला ते पाडायचं ठरवलं. त्याच्या आदल्या रविवारी डेलमर स्प्रिंगफील्डहून गाडी हाकत आला, डहाळ्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि जेवायलाही न थांबता परत गेला. रुजल्यावर त्यानंच त्या इथं आणून लावल्या. त्या घरातलं आता दुसरं काही उरलेलं नाही. माझ्याकडे पायरीचा एक दगडसुद्धा नाही.

राखणदार ओरिन सांगत होता, समितीनं ठरवलंय की जी झुडपं तपकिरी दिसतील ती पुढच्या डेकोरेशन डेच्या आत उपटून टाकायची. समितीतल्या माणसांना हिरवं आणि तपकिरी एवढंच कळतं.

कबरीवर ठेवायचं तुझं नाताळचं डहाळ्यांचं चक्र वाऱ्यानं उडू नये म्हणून ओरिननं डाव्या जुनिपरला मागून तारेनं बांधलंय, दोन्ही वर्षांचं. ते अजून तिथंच आहे. तुझी वस्तू म्हणून मी हात लावला नाही. तू ते परस्पर त्याच्याच पत्त्यावर पाठवतेस. माझा पत्ता तुझ्याकडे आहे असं मला वाटत होतं. असो.

वेल्डा


स्प्रिंगफील्ड, मिझुरी
९ ऑगस्ट १९८७

प्रिय वेल्डा,

तुमचं पत्र आलं तेव्हा ग्रेटा स्वयंपाकघरात होती. माझा चेहरा पाहून तिनं पत्र हातातून घेतलं, वाचलं आणि म्हणाली, "आई, झुडपंच आहेत ना गं ती?" लेकीला काय सांगू? ती झुडपं नाहीत, निदान मला तरी नाहीत.

ते गोणपाट मला चांगलं आठवतं. तो अंधार पडल्यावर घरी आला, आणि माझ्या कपडे धुवायच्या टबात त्या डहाळ्या ठेवल्या. मी ओरडले. तो म्हणाला, "सॉल्वेग, आज टबात माझं घर आहे, उद्या कपडे धू." तीन डहाळ्या रुजल्या होत्या, हे तुम्हाला सांगितलं होतं का त्यानं? दोन तिकडे आल्या आणि तिसरी आमच्या पुढच्या अंगणात वाढली. मी चक्र तिच्याच फांद्यांचं करते. तुमच्या आईच्या ओसरीची डहाळी त्याच्या उशाशी असावी, एवढाच माझा हेतू.

त्या झुडपावरून आमचं दर हिवाळ्यात भांडण व्हायचं. पानगळ झाली की हा कॉफीचा डबा घेऊन तिथं उभा राहायचा आणि त्यावरची छोटी छोटी वाळकी बोंडं एकेक करून तोडायचा. किती गोजिरी असतात ती, नखाएवढी, झुडपाच्याच काटक्यांनी मढवलेली. मी म्हणायचे, अरे, झाडाला तेवढाच दागिना आहे, तो तरी राहू दे. तो आपला हसायचा. एकदा सकाळी उठून पाहते तर जुनिपरभर पाईनची मोठाली बोंडं तारेनं टांगलेली. म्हणाला, "घे तुझे दागिने." शेजारीपाजारी महिनाभर हसत होते.

आजारपणात त्याला बाहेर उभं राहणं जमेना. तेव्हापासून बोंडं तोडणारं कुणी नाही, आणि झुडूप त्यांनी नुसतं लगडलंय. म्हणून तर दोन्ही वर्षांची चक्रं इतकी देखणी झाली. त्यातलं एकही बोंड विकतचं नव्हतं. मला वाटायचं, तो गेल्यावर झाडानं माझं ऐकलं.

वेल्डा, रागावू नका, पण तुम्ही तर गावातच असता. जूनमध्ये एक चक्कर टाकली असती तर? आता तरी काही फवारा. मला अळ्यांचं काही कळत नाही. कोबीत एक निघाली होती तेव्हा मी दिवसभर स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. पण औषधं मिळत असतील ना?

तुमची,
सॉल्वेग


वॉलनट फोर्ड
३० ऑगस्ट

सॉल्वेग,

औषध मिळतं. पेंडीच्या दुकानात जंतूंची पूड असते. ती पाण्यात कालवून पानांवर फवारली की अळ्या खातात आणि मरतात. पण त्या तांदळाएवढ्या असतील तेव्हाच, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. आता त्या जाडजूड झाल्या आणि खाणं सोडून कोषात बसायला लागल्यात. आता फवारणं म्हणजे वरातीमागून घोडं. आता फक्त हातानं तोडायच्या, साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. मी रोज सकाळी जाते. खाली टाकून चालत नाही, हे ओरिनला दोनदा सांगितलं.

डावं जुनिपर गेलं. त्याला पुन्हा पालवी फुटत नाही. उजव्याची आशा आहे.

एक काम कर. या नाताळला चक्र पाठवू नकोस. हिरवं काहीच नको. कापडाची फुलं पाठव, नाहीतर नुसती लाल फीत पाठव. आणि जे पाठवशील ते ओरिनकडे नको, माझ्याकडे पाठव.

वेल्डा


स्प्रिंगफील्ड
८ सप्टेंबर

वेल्डा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. कारण कुठंतरी दिलेलं असेल असं वाटलं. नाही दिलेलं.

मी बाहेरची, हे मला कळतं. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या आईच्या हातच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या आणल्या होत्या. रात्रभर रेल्वेत मांडीवर सांभाळून आणलेल्या. तुम्ही त्या बघितल्यात आणि विचारलंत की ही फडकी कशाची. मग त्या कुत्र्यानं खाल्ल्या. हे मी डेलमरला कधी बोलून दाखवलं नाही. दर डेकोरेशन डेला आम्ही सकाळी यायचो, आणि दुपारची जेवणं आटोपली की तुम्ही तळलेलं चिकन कागदात बांधून आमच्या गाडीत ठेवून मोकळ्या. आम्ही कधी एकदाचे निघतो असं तुम्हाला होत असणार.

तो तुमचा भाऊ होता, पण चाळीस वर्षं माझा नवरा होता. शेवटचं वर्षभर मी त्याला हातानं भरवलं. त्यानं तुमच्या मातीत पुरायला सांगितलं आणि मी हूं की चूं न करता दिला. वर्षातून एक चक्र ठेवण्याएवढी जागा मी मागते, ती खरोखर फार आहे का?

चक्र येईल. ओरिनच्याच पत्त्यावर येईल.

सॉल्वेग


वॉलनट फोर्ड
१५ नोव्हेंबर

प्रिय सॉल्वेग,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले. रागानं नाही. मी लिहायला बसले की कागदावर नको ते उतरायचं, आणि मी तो कागद चुलीत घालायचे.

पोळ्यांचं खरं आहे. मी तेव्हा वात्रट होते आणि आईला वाटायचं मी विनोदी आहे. कुत्र्याचंही खरं आहे, पण त्याच्या वाट्याला अर्धीच पोळी आली. बाकीच्या मी रात्री फडताळासमोर उभी राहून लोणी-साखर लावून खाल्ल्या. तुझ्यासमोर आवडल्या म्हणाले असते तर माझं नाक कापलं गेलं असतं. तेव्हा नाकाला फार जपायचे मी.

तुझा हक्क कुणी काढून घेतलेला नाही. चक्र पाठव. हवं तसं पाठव, हिरवं पाठव, बोंडांसकट पाठव. एवढंच मागते की माझ्या पत्त्यावर पाठव. मी स्वतः नेऊन ठेवीन. ओरिनची पाठ धरली आहे, आणि मला अजून गाडी चालवता येते. का म्हणून विचारू नकोस. नणंदेचा हट्ट समज.

उजव्याचं दक्षिणेकडचं अंग अजून हिरवं आहे. काल त्याच्या आडोशाला उभी राहिले तर वारा लागला नाही. लहानपणी आम्ही दोघं ओसरीवरच्या जुनिपरमागे असेच लपायचो, आई हाका मारून दमायची.

वेल्डा


स्प्रिंगफील्ड
१३ डिसेंबर

वेल्डा,

चक्र येणार नाही. मी आज ते जाळलं. ग्रेटाच्या नवऱ्यानं मागच्या अंगणात पिंप पेटवून दिलं.

सकाळी स्वयंपाकाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून डहाळ्या कापत होते. आमचं जुनिपर यंदा फार विरळ दिसतंय. मला वाटलं, माझ्यासारखं तेही म्हातारं झालं. बोंडं मात्र वारेमाप. एक बोंड नको तिथं आलं होतं म्हणून कात्रीनं मधोमध कापलं. आत बी असेल असं वाटलं. बी नव्हतं. तपकिरी कोष होता आणि त्यातून पिवळसर, रव्यासारखं काहीतरी वर्तमानपत्रावर सांडलं. दुसरं कापलं, त्यातही तेच. पलीकडे मिसेस प्लँक राहतात. त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही अंडी आहेत. पिशवीतल्या अळीची. एकेका पिशवीत शेकड्यांनी असतात. तुझा नवरा दर हिवाळ्यात हेच तर वेचायचा."

माझ्या माहेरी, मिनेसोटात, ही अळी नाही. मी कधी पाहिलेलीच नाही. मी ती फांद्यांसकट कापली, लाल फीत बांधली, खोक्यात घालून त्याच्या उशाशी पाठवली. एकदा नाही, दोनदा. तुमची झुडपं मी मारली, वेल्डा. त्यानं गोणपाटात आणलेलं घर मी मारलं.

मग तुमची पत्रं काढून पुन्हा वाचली. हिरवं नको, ओरिनकडे नको. आणि नंतर, बोंडांसकट पाठव, पण माझ्याकडे पाठव. तुम्हाला माहीत होतं. माझ्या ऑगस्टच्या पत्रावरूनच कळलं असणार. मी त्यात बोंडांचं कौतुक किती केलंय. तुम्ही ते चक्र उघडणार, बोंडं वेचून काढणार आणि उरलेलं मुकाट्यानं कबरीवर ठेवणार होता. मला कळू देणार नव्हता.

तोही तसाच. इतकी वर्षं थंडीत उभा राहून वेचत राहिला आणि मला म्हणाला नाही की वेडे, ही बोंडं नाहीत. मी कोबीतल्या अळीला घाबरले होते, म्हणून. मला अंगणात जायची भीती वाटू नये, म्हणून. तुम्ही दोघं भावंडं अगदी एका मुशीतली आहात. पण वेल्डा, सांगितलं असतं तर मी घाबरले असते, आणि मग डबा धरायला गेलेही असते. त्याच्याबरोबर थंडीत उभं राहायचे तेवढे हिवाळे मला मिळाले असते. आज मला सगळ्यात जास्त दुःख त्याचं होतंय.

ते आठ सप्टेंबरचं पत्र चुलीत घाला.

सॉल्वेग


वॉलनट फोर्ड
३ जानेवारी १९८८

प्रिय सॉल्वेग,

ते पत्र मी घालणार नाही चुलीत. तुझी मला आलेली पत्रं मोजून हाताच्या बोटांवर, त्यातही जाळपोळ कशाला?

आता रडणं पुरे आणि ऐक. झुडपं तू मारलीस म्हणतेस, तर त्यात मलाही घे. तुझं ऑगस्टचं पत्र वाचलं त्याच दिवशी जाऊन जुनिपरमागचं चक्र सोडवलं. ते माझ्या डोळ्यांसमोर दोन वसंत तिथं होतं. मी ती पिशवी अंधारातही ओळखते. पण ते भावजयीचं, परस्पर आलेलं, म्हणून मी तिकडे धड पाहिलंसुद्धा नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तू एकदा माझ्या पत्त्यावर पाठवलं असतंस, किंवा मी एकदा वाकून बघितलं असतं, तर डावं जुनिपर आज उभं असतं. तुझं आणि माझं मिळून हे झालंय.

सांगितलं नाही, कारण तुझा अजून तिसराच हिवाळा होता. नंतरचे पहिल्यापेक्षा वाईट असतात. पहिल्यात लोक डबे घेऊन येतात.

डेलमरचं सांगते, जे त्यानं तुला सांगितलं नाही. ओसरीवरच्या झुडपांच्या पिशव्या वेचायचं काम आमच्याकडे असायचं, जेवणाआधी. एक झुडूप त्याचं, एक माझं. ज्याचा डबा आधी भरेल त्यानं आइस्क्रीमच्या यंत्राचा दांडा फिरवायचा नाही, नुसतं खायचं. तो लबाड माझ्या डब्यातल्या मूठभर स्वतःच्या डब्यात टाकायचा. बाबा सांगायचे, ह्यातली मादी जन्मभर पिशवीबाहेर येत नाही, जिथं शिवून घेते तिथंच अंडी घालते आणि मरते. त्यावर हा म्हणायचा, "म्हणजे आपली वेल्डाच." मी त्याला अंगणभर पळवायचे. पुढं तो गेला स्प्रिंगफील्डला आणि मी राहिले इथंच. मग कधी पिशवी हातात आली की मला त्याचं ते आठवायचं आणि चीड यायची. आता चीड येत नाही.

चिकनचं राहिलं. तुम्ही निघायच्या आधीच मी ते बांधून गाडीत ठेवायचे, हे खरं. तुम्हाला थांबा म्हटलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर मला ते सोसलं नसतं. म्हणून मीच आधी निरोप देऊन टाकायचे.

तेव्हा आता म्हणते. डेकोरेशन डेला ये, आणि त्या दिवशी परत जाऊ नकोस. सगळं गाव त्या दिवशी फुलं ठेवतं आणि घरी जातं. अळ्या त्यानंतर बाहेर पडतात, गर्दी पांगल्यावर. म्हणून कुणाला दिसत नाहीत. पंधरवडाभर राहा. दोघी रोज सकाळी जाऊन उजव्यावर नजर ठेवू आणि वेळेवर फवारू. समितीला मी सांगून आलेय की उजव्याला कुणी हात लावला तर माझ्या नावाची कबरीची जागा आजच मोकळी करून द्या, मी तिथं येऊन बसते. त्यांनी पुढच्या पानगळीपर्यंत मुदत दिली.

पोळ्या आण. या वेळी कुत्र्याला देणार नाही.

तुझी नणंद,
वेल्डा


स्प्रिंगफील्ड
१९ जून १९८८

प्रिय वेल्डा,

सुखरूप पोचले. ग्रेटा म्हणते मी काळी झालेय आणि जाड झालेय. दोन्हींचा दोष तुमच्याकडे.

गाडीत तुम्ही बांधून दिलेलं चिकन खाल्लं. या वेळी निघून जा असं त्याचा कागद म्हणत नव्हता.

पहिलं काम आमच्या जुनिपरचं केलं. तिथं तुम्ही दाखवल्या तशाच, उभ्या टोप्या घातलेल्या इवल्या अळ्या होत्या, धाग्यांवर लोंबकळत. मी ग्रेटाच्या नवऱ्याला बाजूला केलं आणि स्वतः फवारलं, पानांच्या खालूनसुद्धा. मग उरलेल्यांसाठी डेलमरचा डबा घेतला. मिसेस प्लँक कुंपणावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हातमोजे घाल की." मी घातले नाहीत. पहिली अळी घाबरत घाबरतच चिमटीत धरली. तिनं झटकन डोकं पिशवीत ओढून घेतलं. तीच मला घाबरली होती. मी तिथंच उभी राहून हसले, आणि मग हसता हसता रडले, कारण हे सांगायला तो घरात नव्हता. म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्या झुडपाच्या निरोगी अंगाच्या पाच डहाळ्या कापून टबात ठेवल्यात. कपडे राहिलेत. पाचांतली एक रुजली तरी ती डाव्या खड्ड्यात जाईल. रुजायला वेळ लागतो, तोवर तो खड्डा कुणाला बुजवू देऊ नका. समिती काही बोलली तर म्हणा, माझी भावजय येणार आहे.

उजव्याचं रोज बघत जा. मी तरी किती सांगू, तुम्हीच मला शिकवलंत.

आणि नाताळचं. यंदा चक्र करणार आहे. प्रत्येक डहाळी मी खिडकीच्या उजेडात उलटी-सुलटी करून तपासीन, ग्रेटाकडूनही तपासून घेईन. खोकं तुमच्या पत्त्यावर येईल. आलं की तुम्ही उघडा, चष्मा लावून पुन्हा एकदा सगळं नीट बघा, आणि मगच त्याच्याकडे न्या.

तुमची,
सॉल्वेग